पक्षनिष्ठा : कोणाशी आणि कोठवर?

गेल्या वर्षी नागरिकशास्त्राच्या तासाला एका विद्यार्थ्याने आम्हांस प्रश्न विचारला, "पक्षाने एकाला उमेदवारी दिली आणि त्याच पक्षातला दुसरा त्याच्याविरुद्ध उभा राहिला, तर खरा निष्ठावंत कोण आणि बंडखोर कोण?" प्रश्न साधा होता, परंतु तो ऐकून वर्गातील निम्मी मुले हसली आणि निम्मी गंभीर झाली. गंभीर झालेल्यांच्या घरी हा प्रश्न निवडणुकीच्या दिवसांत प्रत्यक्ष जेवणाच्या पंक्तीला बसलेला होता, हे आम्हांस ठाऊक होते. तासाची घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. ते येथे देण्याचा यत्न करीत आहोत. कोणत्याही पक्षाची तरफदारी वा निंदा करणे हा या लेखाचा हेतू नाही. पक्षनिष्ठा ही काय वस्तू आहे आणि तिची कसोटी केव्हा लागते, एवढेच समजून घ्यावयाचे आहे.

प्रथम पक्ष म्हणजे काय ते पाहू. लोकशाहीत पक्ष हे साधन आहे, साध्य नव्हे. ज्यांची सार्वजनिक प्रश्नांविषयीची मते बरीचशी जुळतात अशी माणसे एकत्र येऊन सत्ता मिळविण्याचा व ती राबविण्याचा प्रयत्न करतात, त्यास आपण पक्ष म्हणतो. आपल्या मूळ राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखही नव्हता. १९८५ साली बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट जोडले गेले, तेव्हा पक्षांस घटनेत स्थान मिळाले. पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्या सदस्याने स्वेच्छेने पक्ष सोडला, किंवा पक्षाच्या आदेशाविरुद्ध सभागृहात मत दिले, तर त्याचे सदस्यत्व जाऊ शकते असे हे परिशिष्ट सांगते. परंतु येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावी. हा कायदा निवडून आलेल्या सदस्यास बांधतो. मतदारास बांधीत नाही. मतदाराची निष्ठा ही सर्वस्वी त्याच्या विवेकाच्या स्वाधीन आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एखादा प्रतिनिधी पदावर आहे, निवडणूक आली आहे, आणि त्याच्याच पक्षातील दुसरा कार्यकर्ता म्हणतो, "या वेळी मी." यात न्याय कसा करावयाचा? जगात याची एक ठरीव रीत अमेरिकेत आहे. तेथे खऱ्या निवडणुकीआधी पक्षांतर्गत निवडणूक होते. तिला प्राथमिक निवडणूक म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी विसकॉन्सिनसारख्या राज्यांनी ही पद्धत कायद्याने सुरू केली. त्यापूर्वी पक्षाचे चार पुढारी बंद खोलीत बसून उमेदवार ठरवीत. तो अधिकार त्यांच्याकडून काढून सामान्य मतदाराच्या हाती द्यावा, हा त्यामागील हेतू होता. त्यामुळे तेथील सिनेटर, म्हणजे वरिष्ठ सभागृहाचा सहा वर्षे मुदतीचा सभासद, कितीही मोठा असला तरी दर सहा वर्षांनी त्यास आधी स्वपक्षीयांसमोर व मग सर्व जनतेसमोर जावे लागते.

या पद्धतीतही निष्ठेचा प्रश्न सुटत नाही, हे तीन उदाहरणांवरून दिसेल. कनेक्टिकट राज्याचे ज्यो लीबरमन हे डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर होते. २००० साली त्या पक्षाने त्यांस उपाध्यक्षपदाची उमेदवारी दिली होती. इराकच्या युद्धास त्यांनी दिलेला पाठिंबा पक्षातील पुष्कळांस रुचला नाही. २००६ च्या प्राथमिक निवडणुकीत नेड लॅमाँट या नवख्या उमेदवाराने त्यांचा पराभव केला. लीबरमन यांनी तो निकाल अखेरचा मानला नाही. ते स्वतंत्रपणे उभे राहिले आणि निवडून आले. २०१० साली अलास्कात रिपब्लिकन पक्षाच्या लिसा मर्कोव्स्की यांची अशीच गत झाली. त्यांचे नाव मतपत्रिकेवर छापलेले नव्हते. मतदारांनी ते आपल्या हाताने लिहून त्यांस निवडून दिले. तिसरे उदाहरण इंडियाना राज्याचे. तेथील रिचर्ड लुगार हे छत्तीस वर्षे सिनेटर होते. २०१२ साली रिचर्ड मरडॉक यांनी प्राथमिक निवडणुकीत त्यांस हरविले, आणि मग खऱ्या निवडणुकीत मरडॉक हेच डेमोक्रॅटिक उमेदवाराकडून पराभूत झाले. पहिल्या दोन प्रसंगी पक्षाने नाकारलेला प्रतिनिधी जनतेने स्वीकारला. तिसऱ्या प्रसंगी पक्षाने नवा माणूस आणला आणि हातची जागा घालविली. या अडचणीवर उपाय म्हणून तेथील बहुसंख्य राज्यांनी असा नियम केला आहे की, प्राथमिक निवडणुकीत हरलेल्याने त्याच निवडणुकीत पुन्हा छापील उमेदवार म्हणून उभे राहू नये. कनेक्टिकटमध्ये तसा नियम नव्हता.

आपल्याकडील रीत निराळी आहे. येथे उमेदवारी पक्षाचे वरिष्ठ नेते ठरवितात. अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी दुपारी तीन वाजेपर्यंत पक्षाचे ए आणि बी हे दोन फॉर्म ज्याच्या नावे निवडणूक अधिकाऱ्याकडे पोहोचतात, तो अधिकृत उमेदवार. त्यासच पक्षाचे चिन्ह मिळते. बाकीचे इच्छुक एक तर घरी बसतात, नाही तर अपक्ष म्हणून उभे राहतात, नाही तर दुसऱ्या पक्षाचे दार ठोठावतात. अमेरिकेच्या धर्तीवर एक प्रयोग काँग्रेस पक्षाने २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत पंधरा-सोळा मतदारसंघांत करून पाहिला. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा व लातूर आणि कर्नाटकातील बेंगळूर उत्तर व दक्षिण कन्नड हे मतदारसंघ होते. दक्षिण कन्नडमध्ये जुने नेते जनार्दन पुजारी हे कार्यकर्त्यांच्या मतदानातून निवडले गेले. परंतु प्रत्यक्ष निवडणुकीत पराभूत झाले. हा प्रयोग आपल्याकडे रुजला नाही. मात्र एका पराभवामुळे पद्धतच वाईट ठरते, असे आम्हांस वाटत नाही.

अमेरिकेपर्यंत जाऊन आलो. पण आपल्या बेळगाव जिल्ह्यातच याहून बोलकी उदाहरणे आहेत. अथणी मतदारसंघ घ्या. लक्ष्मण सवदी हे तेथून २००४, २००८ व २०१३ अशा तीन वेळा भारतीय जनता पक्षाचे आमदार झाले. २०१८ साली काँग्रेसचे महेश कुमठळ्ळी यांनी त्यांचा पराभव केला. पुढच्याच वर्षी कुमठळ्ळी यांच्यासह काही आमदारांनी राजीनामे दिले, राज्यातील सरकार पडले आणि या आमदारांस अपात्र ठरविण्यात आले. १३ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, परंतु पोटनिवडणूक लढविण्याची मुभा दिली. डिसेंबर २०१९ मध्ये कुमठळ्ळी हे भारतीय जनता पक्षाचे उमेदवार म्हणून अथणीतून निवडून आले. दरम्यान सवदी हे पराभूत होऊनही उपमुख्यमंत्री झाले होते. मग २०२३ ची निवडणूक आली. एका पक्षात आता दोन दावेदार झाले. एक विद्यमान आमदार, दुसरा जुना आमदार. पक्षाने विद्यमान आमदारांस उमेदवारी दिली. सवदी यांनी विधान परिषदेचे सदस्यत्व सोडले, काँग्रेसमध्ये प्रवेश केला आणि पाऊण लाखाहून अधिक मताधिक्याने निवडून आले.

विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. २०१८ मध्ये जे दोघे समोरासमोर होते, तेच दोघे २०२३ मध्ये समोरासमोर होते. केवळ दोघांच्या हातातील झेंडे बदलले होते. आता अथणीच्या एखाद्या गावातील दोन मतदार डोळ्यांपुढे आणा. एक म्हणतो, "मी पक्षाशी निष्ठावंत," आणि म्हणून तो पाच वर्षांपूर्वी ज्यास पाडले त्याच्याच चिन्हासमोर मत देतो. दुसरा म्हणतो, "मी माणसाशी निष्ठावंत," आणि म्हणून तो ज्या पक्षास जन्मभर विरोध केला त्याच्या चिन्हासमोर मत देतो. दोघांनीही निष्ठा पाळली आणि दोघांनीही काहीतरी सोडले. शेजारच्या कागवाड मतदारसंघातही बव्हंशी हेच घडले. तेथे २०१८ साली राजू कागे भारतीय जनता पक्षाकडून व श्रीमंत पाटील काँग्रेसकडून लढले. पाटील विजयी झाले व पुढे पक्ष बदलून भाजपचे उमेदवार झाले. कागे काँग्रेसमध्ये गेले आणि २०२३ साली निवडून आले.

आणखी एक प्रकार पाहण्याजोगा आहे. माजी मुख्यमंत्री जगदीश शेट्टर यांस २०२३ साली त्यांच्या हुबळीच्या मतदारसंघात भारतीय जनता पक्षाने उमेदवारी नाकारली. ते काँग्रेसमध्ये गेले व त्या निवडणुकीत पराभूत झाले. जानेवारी २०२४ मध्ये ते स्वपक्षात परतले आणि त्याच वर्षी आपल्या बेळगावचे खासदार झाले. गेलेल्यास परत येण्याची वाट पक्ष खुली ठेवतात, मतदारही पुष्कळदा ती मान्य करतात. परंतु या येण्याजाण्यात जो कार्यकर्ता गावात राहून दोन्ही वेळा भिंती रंगवितो, त्याच्या मनाचे काय होत असेल, याचा विचार क्वचितच होतो.

आता जी गोष्ट सांगावयास आम्हांस सर्वांत अधिक जड जाते, तिच्याकडे येऊ. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन बेळगाव, खानापूर, निपाणी हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतर महाराष्ट्र एकीकरण समितीच्या नावाने येथील मराठी भाषकांनी अनेक वर्षे निवडणुका लढविल्या. समिती हा रूढ अर्थाने पक्ष नव्हे. निरनिराळ्या विचारांची माणसे एका मागणीसाठी एकत्र आली, ती ही संघटना. तिचे उमेदवार बहुधा अपक्ष म्हणूनच उभे राहतात. यातील मर्म पाहा. मोठ्या पक्षात भांडण झाले तर ए आणि बी फॉर्म कोणाकडे, एवढ्यावर ते मिटते. समितीपाशी तसा फॉर्म नाही. अधिकृत कोण, हे केवळ परस्परांच्या शब्दावर अवलंबून असते. शब्द मानला तर संघटना आहे. न मानला तर काहीच नाही.

२००८ सालच्या विधानसभा निवडणुकीत समितीचा एकही उमेदवार विजयी झाला नाही. २०१३ साली दोघे निवडून आले: बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील व खानापुरातून अरविंद पाटील. २०१८ साली मात्र समितीत दोन गट पडले. शरद पवार यांनी बेळगावात येऊन ऐक्याचे आवाहन केले, तरी एकमत झाले नाही. खानापुरात एका गटाने विद्यमान आमदार अरविंद पाटील यांस पुढे केले, दुसऱ्याने विलास बेळगावकर यांस. दोघेही समितीचे, दोघांचाही झेंडा भगवा, दोघांच्याही सभांत घोषणा एकच. निकाल लागला तेव्हा काँग्रेसच्या डॉ. अंजली निंबाळकर विजयी झाल्या, आणि समितीच्या दोन्ही उमेदवारांच्या मतांची बेरीज त्यांच्या मतांहून अधिक भरली. दोघांचे भांडण तिसऱ्याचा लाभ, ही म्हण आपण शाळेत शिकवितो. तिचा पाठ त्या वर्षी प्रौढांनी गिरविला. अरविंद पाटील पुढे भारतीय जनता पक्षात गेले. त्या निवडणुकीपासून विधानसभेत समितीचा एकही प्रतिनिधी नाही.

परंतु या बेरजेवरून घाईने निष्कर्ष काढू नये. मते म्हणजे पोत्यांतील धान्य नव्हे की, दोन पोती एकत्र ओतली म्हणजे बेरीज तंतोतंत भरावी. एकच उमेदवार असता तर दुसऱ्याचे सारे मतदार त्याच्याकडे आलेच असते, असे कोणी सांगावे? २०२३ साली समितीने ऐक्य साधून उमेदवार दिले, तरीही त्यांतील कोणी निवडून आले नाही. म्हणजे फूट हे पराभवाचे एक कारण झाले. एकमेव कारण नव्हे. केवळ एकीने भागत नाही. लोकांच्या आजच्या गरजांशी, रस्ते, पाणी, शिक्षण, रोजगार यांच्याशी नाते जोडावे लागते. निपाणीतही २०२३ साली असेच गणित मांडले गेले. काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस हे शेजारच्या महाराष्ट्रात त्या वेळी मित्रपक्ष होते. निपाणीत मात्र ते एकमेकांविरुद्ध उभे ठाकले. भाजपच्या शशिकला जोल्ले विजयी झाल्या आणि त्या दोन पक्षांच्या मतांची बेरीज त्यांच्या मतांहून अधिक होती.

तेव्हा विद्यमान प्रतिनिधीचा अधिकार मोठा की आव्हान देणाऱ्याचा? दोन्ही बाजूंनी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. विद्यमान प्रतिनिधीस कामाचा अनुभव असतो, कचेऱ्यांची वाट ठाऊक असते, त्याने संकटात जागा राखलेली असते. दर वेळी माणूस बदलला तर कोणीही दूरदृष्टीचे काम हाती घेणार नाही. उलटपक्षी, तव्यावरची भाकरी वेळीच परतली नाही तर ती करपते, हेही आपल्या घरोघरी ठाऊक आहे. आपणांस कोणी विचारणार नाही अशी खात्री झालेला प्रतिनिधी हळूहळू आळसावतो. मतदारसंघ ही त्यास वतनदारी वाटू लागते. अशा वेळी पक्षातूनच कोणी प्रश्न केला, तर तो पक्षाचा शत्रू नव्हे, हितचिंतक होय.

आमच्या मते येथे तीन निष्ठा निरनिराळ्या ओळखल्या पाहिजेत. पहिली व्यक्तिनिष्ठा, दुसरी संघटनानिष्ठा आणि तिसरी कार्यनिष्ठा. व्यक्तिनिष्ठा मनास सर्वांत जवळची, पण सर्वांत अल्पायुषी. संघटनानिष्ठा अधिक टिकाऊ. पण संघटना ज्यासाठी निघाली तेच ती विसरली, तर ती निष्ठा पोकळ होते. कार्यनिष्ठा ही मुळाची निष्ठा. उमेदवारास मत देताना आपण विचारावे की, ज्या कार्यासाठी आपण या पक्षाकडे वळलो, ते कार्य या माणसाच्या हातून पुढे जाईल काय? उत्तर होकारार्थी असेल तर विद्यमान असो वा नवा, तो आपला. नकारार्थी असेल तर केवळ जुन्या ओळखीपोटी मत देणे ही निष्ठा नव्हे, सवय होय.

आणि बंडखोर कोण? याचे उत्तर उमेदवार कसा ठरला यावर अवलंबून आहे, असे आम्हांस वाटते. ठरविण्यापूर्वी सर्वांस बोलावले, प्रत्येकाचे म्हणणे ऐकले, ठरल्या नियमाने मोजणी केली आणि मग निर्णय दिला. तरीही जो हरला तो "मला मान्य नाही" म्हणून उभा राहिला, तर दोष त्याचा. कारण खेळात उतरताना त्याने नियम मान्य केले होते. परंतु बंद दाराआड निर्णय झाला, कारण सांगितले नाही, कार्यकर्त्यास विचारले नाही. आणि मग कोणी उभा राहिला, तर सारा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारणे न्यायाचे नाही. निर्णय मानण्याची अपेक्षा धरणाऱ्याने निर्णय मानण्याजोगा करण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे. भांडण करावयाचे ते निवडीपूर्वी, घरात, मोकळेपणाने. निवड झाल्यावर अंगणात एकजुटीने. ज्या संघटनेत पहिल्या भागास जागा नसते, तिला दुसरा भाग मागण्याचा अधिकार उरत नाही.

शेवटी एक घरगुती गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. आमच्या घरात कोकणी बोलतात, शाळेत आम्ही मराठीतून शिकवितो आणि बाजारात कानडीवाचून चालत नाही. "तुमची निष्ठा कोणत्या भाषेशी?" असे कोणी विचारले, तर आम्ही एकीचे नाव घेऊन दुसरीस नाकारीत नाही, कोणत्या प्रसंगी कोणती पुढे ठेवावयाची, एवढेच ठरवितो. निष्ठा अनेक असू शकतात; त्यांचा क्रम मात्र ज्याचा त्याने लावावयाचा असतो. १९८९ पासून आपल्या देशात अठराव्या वर्षी मताचा अधिकार मिळतो. आज दहावीत बसलेल्यांच्या हाती तो दोन-तीन वर्षांत येईल. त्या दिवशी मतदानयंत्रासमोर घरचे, गावचे वा पक्षाचे कोणी शेजारी उभे नसेल.

तोवर एवढे करता येईल. येत्या जूनमध्ये वर्गप्रतिनिधी निवडताना गेल्या वर्षीचा प्रतिनिधी आणि नवा इच्छुक असे दोघे उभे राहिले, तर दोघांसही वर्गासमोर बोलू द्या, चिठ्ठ्या मोजताना दोघांचाही एकेक मित्र शेजारी बसवा. आणि हरलेल्याने दुसऱ्या दिवशी फळा पुसण्यास जिंकलेल्याच्या जोडीने यावे. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर तेथे, आमच्या या लेखापेक्षा अधिक स्पष्ट मिळेल.